तरंगणारा दगड बुडाला म्हणून तो खोटा ठरत नाही

गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर सापडलेला राखाडी दगड आठवडाभर बादलीत तरंगला, तुम्ही तो उकळून स्वच्छ केला आणि तो तळाला गेला. आता शेजारी म्हणतात की तो दगडच नव्हे, आणि मुलाचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलंय. हे वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीचा आमचा स्वयंपाकघराचा ओटा आठवला. तो दगड टाकू नका.

तो प्युमिस आहे, ज्वालामुखीचा फेस गोठून झालेली काच. घनतेचं गणित तुम्हाला येत असणार, ते सोडते. मी भूशास्त्र शिकलेली नाही, पण किनाऱ्यावरचे दगड वेचण्यात बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, घोटाळा उकळण्यात झाला.

आमचा दगड मोरजीचा. त्याला दर्यातले बारीक जीव चिकटलेले होते आणि वास मारत होता, म्हणून मी अर्धा तास खळखळ उकळला आणि तसाच गरम गरम थंड पाण्यात टाकला. तो सरळ बुडाला. उकळताना छिद्रांतली हवा फुगून बाहेर जाते आणि तिच्या जागी वाफ भरते. थंड पाण्यात त्या वाफेचं पाणी होतं, आत पोकळी पडते आणि बाहेरचं पाणी खेचलं जातं. थंड, कोरड्या प्युमिसमध्येही पाणी शिरतंच, पण अरुंद वाटांमध्ये ते हवेला कोंडून ठेवतं. म्हणून तो महिनोन् महिने तरंगतो. क्राकाटोआच्या १८८३ च्या उद्रेकातला प्युमिस हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेला लागला होता. उलट, ज्वालामुखीतून निघालेला तापलेला तुकडा पाण्यात पडला तर लगेच बुडूही शकतो. मी घरात नेमकं तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मुलीने टबमध्ये दगड सोडला, तो बुडाला, आणि परीक्षक म्हणाले, 'बाळ, खोटं सांगू नये.' चूक माझी होती आणि बोल तिला ऐकावा लागला. ते मला अजून सलतं. नंतर कुणीतरी नीट सांगावं म्हणून दगड एका कार्यालयात नेला. तिथे अर्ज मागितला, या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, पण दगड कुणी हातातही घेतला नाही. तुम्ही तो फेरा घालू नका. घरचा वजनकाटा पुरतो.

आमचा दगड कोरडा असताना १८० ग्रॅम होता, आकारमान सुमारे ३०० मिली. तेवढ्या पाण्याचं वजन ३०० ग्रॅम, म्हणजे तरंगायचं तर त्याने ३०० ग्रॅमच्या आत राहायला हवं. उकळल्यावर भरला ३४०! म्हणजे १६० ग्रॅम पाणी पोटात. ते बाहेर काढलं की दगड पुन्हा तरंगतो. आधी दोन-तीन दिवस गोडं पाणी बदलत ठेवा, मीठ निघेल. मग वाळवा. पावसाळ्यात मात्र आशा ठेवू नका. आमचा गणेश चवथीपासून वाळत होता, दिवाळीनंतर १९० वर आला, त्या दिवशी पाण्यात सोडला आणि तो तरंगला. घाई करून तव्यावर भाजू नका, आणि भाजलाच तर पूर्ण गार झाल्याशिवाय पाण्याजवळ नेऊ नका.

मुलाला सोबत चिऱ्याचा, म्हणजे जांभा दगडाचा, तुकडा न्यायला सांगा. 'भोकं आहेत म्हणून तरंगतो' हे उत्तर मला पटत नाही. चिऱ्यालाही भोकं असतात, तरी तो बुडतो. त्याचा घन भाग लोखंड-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा, जड. त्याची भोकं त्या मानाने कमी आणि एकमेकांना जोडलेली, म्हणून पाणी सहज आत जातं. सुर्ल्याकडचा काळा बेसॉल्ट मिळाला तर उत्तमच. लाव्हा तोही, पण त्यातले बरेचसे बुडबुडे नंतर पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेले दिसतात.

कुणी त्याला रामसेतूचा दगड म्हणालं तर वाद घालू नका, वजन करून दाखवा. बाजारातला टाच घासायचा दगड मात्र पुरावा म्हणून ठेवू नका, त्यातले पुष्कळ कारखान्यात बनवलेले असतात.

प्रदर्शनाला दगड कोरड्या डब्यात न्या. सकाळपासून टबमध्ये ठेवू नका, परीक्षक समोर आले की मगच सोडा. आणि वजनाची वही मुलाच्या हातात द्या, बुडाल्याच्या दिवसाच्या आकड्यासकट.