पॅचची कड सुटली तर काय करायचं

गर्भनिरोधक गोळी रोज विसरते म्हणून गर्भनिरोधक पॅच (स्किनवर चिकटवायची हार्मोनची पट्टी) सुरू केला आणि दुसऱ्याच आठवड्यात आंघोळीनंतर कड सुटलेली दिसली, आता प्रेग्नंट राहीन का, असं विचारलंयस ना? अगं आधी शांत हो. मी ४ वर्षं पॅच वापरलाय, माझीही कड दोनतीनदा सुटली होती.

पहिलं काम, तळहाताने १० सेकंद घट्ट दाबून धर. नीट चिकटला तर विषय संपला. नाही चिकटला किंवा त्याला कपड्याचे धागे-केस लागले असतील तर सरळ नवीन लाव, वरून चिकटपट्टी मारून जुनाच ठेवू नकोस, कारण औषध त्या चिकट थरातच असतं आणि तो स्किनला टेकला नाही तर आत जाणार कसं. सुटून २४ तासांच्या आत लावलास तर बदलायचा वार तोच राहतो, कंडोमची गरज नाही. २४ तासांच्या वर गेलं असेल किंवा कधी सुटला तेच माहीत नसेल तर आजपासून नवीन सायकल, म्हणजे ४ आठवड्यांचा नवा फेरा धरायचा, आजचा वार तोच तुझा पॅचचा वार आणि पुढचे ७ दिवस कंडोम. म्हणून रोज कपडे बदलताना एकदा हात लावून बघत जा, तेवढंच रोजचं काम.

पण खरा घोळ कड सुटल्याने कमी आणि उशिराने जास्त होतो, हे मला कुणी सुरुवातीला सांगितलंच नव्हतं. ३ आठवडे दर आठवड्याला एक पॅच आणि चौथा आठवडा रिकामा, तेव्हा पाळीसारखं ब्लीडिंग होतं. त्या ७ दिवसांत ओव्हरी हळूहळू जागी व्हायला लागते, नवीन पॅच वेळेवर लागला की परत गप्प बसते. तू ८-९ दिवस लावलाच नाहीस तर बीज बाहेर पडू शकतं. त्यामुळे चौथ्या आठवड्यात जुना काढायला विसरलीस तर एवढं बिघडत नाही, लक्षात आल्यावर काढ आणि नवीन ठरलेल्या वारीच लाव, पण पहिल्या आठवड्याचा पॅच लावायला उशीर म्हणजे ७ दिवस कंडोम हवाच, आणि त्या गॅपमध्ये संबंध आले असतील तर लगेच डॉक्टरांना इमर्जन्सी गोळीचं विचार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुना अंगावर असेल तर बदलायला ४८ तासांपर्यंत उशीर चालतो, त्यापुढे परत नवीन सायकल. अगदी नियमाने वापरला तर वर्षात १०० पैकी एकीलाही क्वचितच दिवस जातात, रोजच्या धबडग्यात मात्र साधारण ७ जणींना, त्यात या उशिराचा वाटा मोठा.

जागा दरवेळी बदल, दंडाची बाहेरची बाजू, ओटीपोट, कुल्ला, पाठीचा वरचा भाग, छातीवर नको. लोशन, तेल, पावडर लागलेल्या स्किनवर तो टिकत नाही, तुझी कड बहुतेक त्यानेच सुटली. खाज आणि स्तन दुखरे होणं मला पहिले २ महिने झालं, मग थांबलं. उलट्या-जुलाब झाले तरी गोळीसारखी काळजी नाही, हा मला फार मोठा आधार वाटायचा.

आता हे मात्र मनावर घे. नेहमीच्या ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन हार्मोनच्या गोळीपेक्षा नॉरेलजेस्ट्रोमिनवाल्या (हे पॅचमधलं दुसरं हार्मोन) पॅचमधून एकूण इस्ट्रोजेन साधारण ६० टक्के जास्त मिळतं आणि इस्ट्रोजेनने रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, त्यामुळे मैत्रिणीचा उरलेला पॅच लावून बघणं वगैरे अजिबात नको. ३५ च्या पुढे वय आणि सिगरेट, बीपी, आधी कधी रक्ताची गुठळी, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येणारं मायग्रेन, यातलं काही असेल तर पॅच नकोच. वजन ९० किलोच्या आसपास किंवा वर असेल तर परिणाम कमी होऊ शकतो. टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्यांनीही तेच होतं. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठ.

तुझी कड सुटून किती तास झालेत आणि ते रेषांवालं मायग्रेन तुला आहे का, एवढं आधी सांग.