गाडी तापते कधी, ते आधी पाहा

प्रश्न : 2007 ची पेट्रोल कार आहे. मार्चपासून तापते. गावात, बाजारात काही होत नाही. पण दर्यापूरहून अमरावतीकडे निघालो की 20-25 किलोमीटरवर काटा वर चढतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप) काढून टाकला, फॅन डायरेक्ट केला, म्हणजे सतत फिरता ठेवला, तरी तेच. दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर बोअरचं पाणी टाकावं लागतं, खाली मात्र ठिपका दिसत नाही. इंजिन खोलावं लागेल का? (एक वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर : इंजिनाला इतक्यात हात लावू नका. वेगात वारा आपोआप आत शिरतो, म्हणजे फॅनचा दोष नाही. गाडी वेगात तापते तेव्हा रेडिएटर चोक असतो, पाणी कमी असतं किंवा पंप पाणी ढकलत नाही. आणि तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, ॲल्युमिनियम खातात. हिवाळ्यात हे लपून राहतं. आतलं पाणी 90 अंश आणि बाहेर 20 असेल तर फरक 70 चा. मे महिन्यात बाहेर 45 असेल तर फरक उरतो 45 चा. म्हणजे रेडिएटरची ताकद एक तृतीयांशाने घटली. अर्धवट चोक रेडिएटर तिथेच हरतो.

आधी पाणी कुठं जातं ते शोधा. पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून झिरपलेलं पाणी गरम इंजिनावरच सुकतं आणि पांढरा डाग ठेवून जातं. टॉर्च लावून तिथं, होसच्या क्लॅम्पांपाशी आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यावर पाहा. मग रेडिएटरचं झाकण. त्यावर बहुधा 0.9 (बार, हे दाबाचं माप) लिहिलेलं असतं. तेवढा दाब धरला तर साधं पाणीही 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की 100 लाच उकळून बाहेर पडतं. झाकण स्वस्त असतं, जुनं असेल तर सरळ बदला.

हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग) शंका सकाळी थंड इंजिनावर फेडून घ्या. झाकण काढून गाडी चालू करा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेचना, तरच हेड उतरवायचं. उतरवलंच तर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ सपाट आहे का, ते तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका. वाकलेल्या हेडवर ते टिकत नाही.

यातलं काही नसेल तर रेडिएटर बाहेरून धुवा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत सोयाबीनचं कुटार, कापसाचे तंतू आणि धूळ यांचा नमदा बसलेला असतो. इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाइपाने पाणी मारा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात. मग थंड गाडीचं सगळं पाणी खालच्या होसमधून काढा, डिस्टिल्ड वॉटर भरा, दहा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. ॲसिड टाकू नका, खाल्लेल्या नळ्या फुटतात. एवढं करूनही रेडिएटरचा काही भाग गरम आणि काही गार लागत असेल (इंजिन बंद, फॅनची वायर काढलेली, मग हात लावा), तर तो बदलावाच लागेल.

थर्मोस्टॅट परत बसवा, ही कळकळीची विनंती. काही इंजिनांत तो उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो नसला की थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच फिरतं. नवा आधी पातेल्यात उकळून पाहा. बहुतेक 82 ते 88 अंशांना उघडू लागतात.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. छोट्या कारला एकूण साधारण 4 लिटर लागतं. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, फॅन लागेपर्यंत गाडी चालू ठेवा. हवा निघेल तशी पातळी उतरते, भरत राहा. काढलेलं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते गोडसर लागतं, जनावरं पितात आणि मरतात.

प्रश्न : आमची गाडी रस्त्यावर ठीक, पण आठवडी बाजारात अडकली की तापते. (परतवाडा)

उत्तर : हा फॅनचा दोष. बॅटरीवरून थेट वायर देऊन पाहा. फिरला तर मोटर चांगली. आता फ्यूज, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा डबा) आणि टेंपरेचर स्विच या क्रमाने जा. मोटर नुकतीच बदलली असेल तर वायरी उलट्या नाहीत ना पाहा. फॅन रेडिएटरच्या मागच्या बाजूला असेल तर चालू असताना पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटला पाहिजे. उडाला तर फॅन उलटा फिरतोय.

चिखलदऱ्याच्या घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली. आणि सावलीत थांबा. झाकणाला किमान पाऊण तास हात नको, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर मुळीच नको, हेड तडकतं.