किल्ली कुणाकडे आहे?

चि.
(नाव घालत नाही. हे पत्र तू आणखी दोघा-तिघांना दाखवणार हे मला ठाऊक आहे.)

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांत तू मला महोत्सवाचे तीन दिवस सांगितलेस. जिन्याच्या भिंती रंगवल्या, ड्रोन उडवला, पोरांनी पथनाट्य केलं, मैदान भरलं. आता सहा महिने झाले, पोरं फिरकत नाहीत, पाचव्या मजल्यावरच्या मोरावर कुणीतरी पान थुंकलंय. महोत्सवाला पैसे देणारी कंपनी मात्र दुसऱ्या वर्षीही द्यायला तयार आहे. घ्यावेत का, आणि मीच कुठे कमी पडले का, असं तू विचारतेस. हे सगळं ठीक. पण चौथ्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहावं तशी तुझी एक ओळ आहे : "खालच्या कल्याण केंद्राला कुलूप असतं, म्हणून मैदानात मंडप घातला."

बाई गं, पत्र तिथून सुरू करायचंस की.

किल्ली कुणाकडे आहे?

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत दर ठरावीक कुटुंबांमागे एक बालवाडी आणि एक कल्याण केंद्र बांधावं लागतं. ती बिल्डरची मेहेरबानी नाही, नियम आहे. म्हणजे २२५ चौरस फुटांत सहा-सहा माणसं राहतात त्या तुमच्या इमारतीत सगळ्यांच्या मालकीची एक खोली आहे, आणि तिच्यात, मी न बघता सांगतो, गणपतीच्या मंडपाचे बांबू, फुटकी टाकी आणि कुणाच्या तरी लग्नातली कापडी कमान आहे. तू त्या दारावरून रोज गेलीस आणि मंडपवाल्याला पैसे मोजलेस. रागावतोय असं समजू नकोस. खरं म्हणजे रागावतोच आहे, पण तुझ्यावर कमी. का ते पुढे येईल.

घाटकोपरजवळच्या असल्फाच्या टेकडीचा दाखला तू दिलास. २०१७ च्या अखेरीस तिथली घरं रंगवली, मेट्रोतून किती सुंदर दिसतात, असं लिहिलंस. मी मुद्दाम मेट्रोने जाऊन बघून आलो होतो. सुंदर दिसतात, खोटं का बोलू. पण मेट्रोतून दिसतात. टेकडीवर राहणाऱ्याला टेकडी दिसत नाही गं, त्याला समोरच्याचं दार दिसतं. त्या दारातल्या माणसाशी त्याचं आठवड्यातून एकदा तरी काही काम पडतं का, एवढंच मी विचारतो.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील कापडगिरणीत, साचेखात्यात. आमच्या मजल्यावर टोकाला गावाची खोली होती. कोकणातल्या एकेका गावाने मिळून अशा खोल्या घेतलेल्या असत. भिंतीला लावून ट्रंका, दोरीवर कपडे, वीस-पंचवीस बाप्ये पाळीपाळीने झोपायचे. त्या खोलीला कुलूप नव्हतं. लागायचंच नाही, कारण तीनपैकी एक पाळी कायम आत झोपलेली असायची. गुरुवारी रात्री मात्र झोपलेल्यांना उठवून बाहेर गॅलरीत घालायचे आणि आत भजन बसायचं.

आता पखवाजाचं सांगतो, नीट वाच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय खर्ज निघत नाही. दरवेळी ताजी लावायची, भजन संपलं की खरवडून काढायची. गट्टे हातोडीने ठोकून उजव्या तोंडाचा सूर जुळवणं हे वाजवणाऱ्याचं काम. पण कणीक? ती खोलीत कुठून येणार, तिथे चूलच नाही. सगळे खानावळीत जेवणारे. मग एखादं पोरगं गॅलरीतून निघायचं आणि दर गुरुवारी वेगळ्या बिऱ्हाडाचं दार वाजवायचं, "काकू, कणीक." मुठीएवढा गोळा. नंबर लागलेला असायचा, आणि तो चुकला तर बायका भांडायला येत : मागच्या गुरुवारी आमच्याकडे का नाही आलात? ज्या दोन बिऱ्हाडांचं नळावरून वाजलेलं होतं, बोलणं बंद होतं, त्यांची कणीकसुद्धा एकामागून एक त्याच पखवाजाला लागायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. ते तू वाचलं असशील, मी त्यावर लिहीत बसत नाही. मी चोविशीत होतो, नुकताच पोस्टात लागलेलो, म्हणजे आमच्या घरात पगार येत होता. ही गोष्ट मला आजही मोठ्याने बोलता येत नाही. भजन थांबलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला एका गुरुवारी धाकटा भाऊ कणीक मागायला गेला, तर त्या काकूंनी गोळा दिला आणि हळूच म्हणाल्या, "झालं की परत आण हां." भाऊ आठवीत, त्याला वाटलं भांडं परत मागतायत. भांडं नव्हतंच. भजन झाल्यावर बुवांनी स्वतः कणीक खरवडली, फडक्यात बांधली आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्या दारात कुणीतरी गव्हाचं पीठ ठेवून गेलं. कुणी, ते कुणी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारपासून एका घराकडे मागणं बंद झालं, चार घरांकडून चिमूट-चिमूट आणायला लागले.

आता तुझ्या कंपनीच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसतं ते सांग. 'किती लाभार्थी'? 'रीच' किती?

तुला वाटेल, म्हातारा चाळीच्या आठवणींत रमला. नाही रमलेलो. चाळीत मारामाऱ्या होत्या, दारू होती, जातही होती. कुणाकडचं पाणी घ्यायचं नाही हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं होतं. भजनाने ते धुतलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण दर गुरुवारी, ठरल्या वेळी, त्याच खोलीत बसल्याने कुणाच्या घरात काय चाललंय ते कळत होतं, आणि खोली आपली होती. किल्ली कुणाकडे मागायची नव्हती. कम्युनिस्ट शाहिरांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं, अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर. अण्णाभाऊ स्वतः माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेले. रात्री स्टेजवर दिसणारा शाहीर सकाळी आपल्याच रांगेत पाण्याला उभा. तुमचे रंगवणारे कलाकार कुठून आले होते? आणि कार्यक्रम संपल्यावर कुठे गेले? मी वाईट म्हणत नाही त्यांना. जेवून गेले का, एवढं सांग.

संपानंतर गावाच्या खोलीतली माणसं गावाला परतली. खोली रिकामी झाली, तेव्हा पहिल्यांदा तिला कुलूप आलं आणि किल्ली माझ्याकडे आली. सरकारी नोकर, निर्व्यसनी, विश्वासू. सगळ्यांनीच ठरवलं. मी मुलांचं नाटक बसवायला लागलो, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा डोळ्यांपुढे होत्याच. गुरुवारचं भजन, रविवारी तालीम. चांगलं चाललं होतं. मी सांगितल्याशिवाय खोली उघडत नव्हती. कारण होतं! खालच्या नाक्यावर मटका चालायचा, बेकार पोरं टपलेली, एकदा किल्ली सैल सोडली की पत्त्यांचा अड्डा व्हायला आठवडा लागला नसता. मी दोनदा हार्मोनियम वाचवली आहे. हे सगळं खरं आहे आणि मी ते शपथेवर सांगेन.

१९९६ ला आई गावाला आजारी पडली. मी रजा टाकून गेलो, चार महिने लागले. किल्ली माझ्या पिशवीत. मुद्दाम नाही, पण विसरलोही नव्हतो. एकाने पोस्टकार्ड टाकलं होतं, किल्ली पाठवा. मी कळवलं, येतोच आहे. परत आलो तेव्हा उंदरांनी पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, कुरतडलेली होती, भजनाचे लोक पांगलेले, आणि आमचा वाजवणारा पोरगा, ज्याच्या हाताला मी वर्षानुवर्षं वळण लावलं होतं, बँजो पार्टीत लागलेला. बरे पैसे कमवत होता. रस्त्यात भेटला तर म्हणाला, "काका, तुमच्या खोलीत काय चाललंय?" तुमच्या खोलीत. इतकी वर्षं आपली म्हणून वापरली आणि तिची झाली तुमची.

अजूनही रात्री कधी वाटतं, मी दुसरं करायला काय हवं होतं? त्या पोरांच्या हाती दिली असती तर अड्डाच झाला असता. मग पुन्हा वाटतं, झाला असता थोडे दिवस अड्डा. पत्ते खेळता खेळता कंटाळून कुणीतरी पखवाज ओढला असता. तेवढी जोखीम घ्यायला मी घाबरलो, आणि त्या घाबरण्याला जबाबदारी म्हणत राहिलो. चल, पुरे माझं.

तर पैसे घ्यावेत का? कंपन्यांचा हा नफ्यातल्या दोन टक्क्यांचा, सीएसआरचा पैसा आर्थिक वर्षाच्या तालावर चालतो, मार्च आला की त्यांना खर्च दाखवायचा असतो. त्यांना मंडप आवडतो कारण मंडपाचा फोटो निघतो. तू सांग की मंडप नको. खोलीचं लाइट बिल, एक पंखा, दोन वाद्यं आणि शिकवणाऱ्याचं वर्षभराचं मानधन द्या. आणि तो शिकवणारा शक्यतो त्याच इमारतीतला हवा. तुमच्याकडे लग्नात ढोलक वाजवणारी माणसं आहेत, तूच लिहिलंयस. ती तुला 'कलाकार' वाटली नाहीत, हे मला लागलं. कंपनी नाही म्हणाली तर पैसे सोड. मी पेन्शनवर आहे, मला सोड म्हणायला काय जातं, हेही खरं. तुझा पगार त्याच प्रकल्पातून निघतो हे मला कळतं. मग घे, पण मंडप निम्म्याने लहान कर आणि उरलेल्यातून खोली उघड. उघडून मग तिथे काय करायचं ते तू ठरवू नकोस. भजन नको वाटलं तर कव्वाली होऊ दे, पोरी बॉलिवूडवर नाचू देत, रॅप करू देत. तुझ्या आवडीनिवडीचा इथे संबंध नाही, माझ्या तर नाहीच.

आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज दे, त्यावर पोच घे. तो टाळेल. सर्वसाधारण सभेत विषय लावायला सांग आणि सभेला बायकांना घेऊन जा, बाप्ये अशा वेळी गच्चीच्या गळतीवरच बोलत राहतात. ठराव वहीत लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस.

आणि एवढ्याने झालं असं समजू नकोस. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलात १९७४ पासून केवढं नाटक उभं राहिलं, अख्ख्या चळवळीला त्या हॉलचं नाव पडलं. पण हॉल शाळेचा होता, एक दिवस निघावं लागलं. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, आमच्या कोकणातल्या नमनांचं, शक्ती-तुऱ्याचं हक्काचं घर. २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झालं, तेव्हा म्हातारे शाहीर फुटपाथवर उभे राहून निषेध करत होते. शंभर वर्षं कुणी विचारलं नाही की किल्ली कुणाकडे आहे. मी आता पुनर्विकासात मिळालेल्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात राहतो. खाली सोसायटीचा हॉल आहे, एसी आहे, तासावर भाडं. गेल्या वर्षी भजनासाठी मागितला तर फॉर्मवर 'इव्हेंटचा प्रकार' लिहायला सांगितलं. मी 'गुरुवार' लिहिलं. फॉर्म परत आला.

किल्लीच्या तीन प्रती करून घे. एक पोरांपैकी कुणाकडे दे, ज्याच्यावर तुझा विश्वास कमी आहे अशाकडे. एक पाळीने बदलणाऱ्या बिऱ्हाडाकडे. तिसरी कुणाला द्यायची ते त्यांना ठरवू दे. स्वतःकडे ठेवू नकोस. कितीही गरज वाटली तरी.

तो पखवाज माझ्याकडे आहे. पुडी नवी चढवून घेतली आहे, दर दिवाळीला वादी ओढून घेतो, वाजवत कुणी नाही. घेऊन जा. एकटी येऊ नकोस, वजन आहे, तुमच्यातलं एखादं दांडगं पोरगं आण. दुपारच्या लोकलने या, संध्याकाळच्या गर्दीत तो डब्यात शिरणार नाही. जेवायलाच या. काकू विचारत होत्या, मासे खाता ना?

तुझा,
काका