खाटा नंतर, मॉर्फिन आधी

प्रिय डॉक्टर,

युगांडातल्या जिल्ह्यात एचआयव्हीच्या रुग्णांसाठी वेदनाशमनाची सेवा उभी करायचा तू केलेला आराखडा नीट वाचला. पहिल्या वर्षाचा जवळजवळ सगळा पैसा बारा खाटांच्या इमारतीत गेला आहे. ती इमारत सध्या बाजूला ठेव, असं कळकळीने सांगावंसं वाटतं. एचआयव्हीचा रुग्ण वेदनेने तळमळतो तो स्वतःच्या घरात, रात्री, डांबरी रस्त्यापासून दूर. औषध, ते लिहून देणारा माणूस आणि घरी येऊन विचारपूस करणारं कुणीतरी, एवढं जुळलं की सेवा उभी राहिली. डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी १९९३ मध्ये कंपालात ‘हॉस्पाइस आफ्रिका युगांडा’ ही वेदनाशमन सेवा सुरू केली, तीही खाटांच्या बळावर नव्हे; घरभेटी आणि तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, यांच्या बळावर.

सुरुवात परवानगीपासून कर. युगांडात २००४ च्या नियमांनी खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण रुग्ण तपासून उपचार करणारे) यांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. तुझ्या कामाचा भार त्यांच्यावरच असणार आहे. प्रशिक्षणाला दोन नर्स पाठव, एक नको. एकटीची बदली झाली की त्या दिवशी सेवा बंद. आणि शेजारच्या देशातही हाच कायदा असेल असं धरून चालू नकोस.

मग मागणीचा हिशेब. एड्सने दगावणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या रुग्णांना शेवटचे तीन महिने दिवसाला ६० ते ७५ मिलिग्राम मॉर्फिन लागतं, असा अंदाज धरतात. म्हणजे शंभर मृत्यूंमागे सुमारे ३०० ग्रॅम. कॅन्सरच्या रुग्णांची गरज वेगळी मोजायची. देशाला आपली वर्षाची गरज आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाला आधी कळवावी लागते, आणि ती बहुधा मागच्या वापरावरून ठरते. जिल्ह्यात वापर नोंदला गेला नाही तर साठा कमी येतो. साठा संपेल या भीतीने कुणी औषध लिहीत नाही. वापर आणखी घटतो. म्हणून नोंदवही पहिल्या बाटलीपासून चोख हवी. दुहेरी कुलपाचं कपाट आणि प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या.

द्रावण पावडरपासून होतं. सौम्य द्रावणात ५ मिलिलिटरला ५ मिलिग्राम, म्हणजे लिटरभर पाण्यात १ ग्रॅम मॉर्फिन. तीव्र द्रावणात त्याच्या दहापट, लिटरला १० ग्रॅम. त्यात टिकाऊपणासाठी प्रिझर्व्हेटिव्ह आणि ओळखीसाठी रंग. युगांडात सौम्य द्रावण हिरवं असतं. ते तिथे मध्यवर्ती ठिकाणी तयार होऊन येतं, तरी हे गणित तुला पाठ हवं, कारण सगळ्यात घातक चूक इथेच होते: तीव्र द्रावण सौम्याच्या जुन्या बाटलीत भरलं जातं आणि घरचे सवयीने तेवढंच माप देतात. तीव्रता बदलली की बाटली बदल, जुनी परत घे.

प्रौढाला दर चार तासांनी ५ मिलिग्राम, फार अशक्त असेल तर अडीच. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, असे चार वेळा ५ मिलिलिटर आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे झोप मोडावी लागत नाही. दिवसाला ३० मिलिलिटर, चौदा दिवसांना ४२०. पाचशेच्या बाटलीत ८० उरतात, ते मधेच कळ आली तर द्यायचे सोळा जादा डोस. बाटली दहाव्या दिवशीच रिकामी झाली तर चोरीचा संशय घेऊ नकोस. आधी माप बघ: चमचे घरोघरी वेगळे असतात, म्हणून सिरिंज किंवा मापाचं झाकण द्यावं. माप बरोबर असेल तर नेहमीचा डोस अपुरा पडतो आहे, तो वाढव.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याबरोबर रात्री बिसाकोडिल हे रेचक ५ मिलिग्राम, पहिल्या दिवसापासून. जुलाब चालू असतील तर मात्र नको. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, ती ओसरते हे घरच्यांना आधीच सांग, नाहीतर ते औषध बंद करतात. पुढे गुंगी वाढली, अंगाला झटके येऊ लागले, लघवी कमी झाली, तर मूत्रपिंडं तपास. एचआयव्हीने आणि क्वचित टेनोफोव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधानेही ती बिघडतात. मग डोसांमधलं अंतर सहा-आठ तासांवर ने.

हे सगळं येत असलं तरी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं तर रुग्ण हकनाक जाईल. वेदना थांबवताना बरा होणारा आजार झाकला जाऊ देऊ नकोस. तीव्र डोकेदुखी क्रिप्टोकॉकल, म्हणजे बुरशीने होणाऱ्या, मेंदूज्वराची असू शकते. तिथे पाठीतून पाणी काढून दाब उतरवावा लागतो, गरज पडली तर रोज, आणि बुरशीविरोधी औषध द्यावं लागतं. गिळताना दुखतंय म्हणजे बहुधा अन्ननलिकेतला कँडिडा ही बुरशी; फ्लुकोनॅझोल दिलं की माणूस पुन्हा जेवू लागतो. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये तीन औषधांचा एआरटी (एचआयव्हीला आवर घालणारे उपचार) कोर्स देऊ केला आणि पुढे स्वस्त औषधं आफ्रिकाभर पोचत गेली. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला माणूसही उठू शकतो. म्हणून तुझी नर्स एआरटी दवाखान्यात आठवड्यातून ठरलेले दिवस बसली पाहिजे. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर एआरटीतलं डोल्युटेग्राविर ५० मिलिग्राम दिवसातून दोनदा लागतं. नसांच्या जळजळीला अमिट्रिप्टिलिन १२.५ ते २५ मिलिग्राम रात्री. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड चालू असेल तर त्यानेही नसा जळजळतात, म्हणून पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) मिळतंय का ते आधी पाहा. कपोसी सार्कोमा (एड्समध्ये होणारा त्वचेचा कॅन्सर) किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांच्या जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर टाक. वासामुळे घरातली माणसंही दूर बसतात. तो गेला की ती पुन्हा जवळ येतात.

घरभेटीला नाव रंगवलेली गाडी दारात नेऊ नकोस, शेजाऱ्यांना निदान कळतं. गाडी लांब उभी कर, चालत जा. घरात कुणाला काय माहीत आहे हे रुग्णाला एकट्यात विचार, त्याच्या परवानगीशिवाय सासूलाही सांगायचं नाही. मृत्युपत्राचा विषय रुग्णाला बोलण्याचं बळ असतानाच काढ; नवऱ्यामागे विधवेच्या हातून जमीन जाते ती अनेकदा कागद नसल्यामुळे. मुलं कुणाकडे राहणार हेही तेव्हाच ठरव.

काम नीट होतंय का हे मोजायला आफ्रिकन पॅलिएटिव्ह केअर असोसिएशनची दहा प्रश्नांची पीओएस (रुग्ण आणि घरच्यांना कितपत आराम पडला ते मोजणारी) प्रश्नावली वापर, प्रत्येक उत्तर ० ते ५. सात प्रश्न रुग्णाला, तीन घरच्यांना. आकड्यांचा अर्थ उलटसुलट होतो: काही प्रश्नांत ० चांगलं, काहींत ५. बेरीज करत बसू नकोस, प्रश्नागणिक पाहा.

पैशाचं एकच सांगून ठेवते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली तेव्हा एकाच देणगीदारावर उभ्या असलेल्या सेवा आधी कोलमडल्या. नर्सचा पगार आणि मॉर्फिन जिल्ह्याच्या सरकारी अंदाजपत्रकात बसव. देणगी इंधन, प्रशिक्षण आणि घरी लागणाऱ्या सामानासाठी ठेव. पुढच्या पत्रात मला इमारतीचा नकाशा नको. जिल्ह्याच्या औषधसाठ्यातला मॉर्फिनचा आकडा आणि त्या दोन नर्सची निवड झाली का, एवढं कळव.

तुझी,
मार्गदर्शक