‘आरएस’ दिलं आणि सेटिंग उडालं

प्रश्न : मॅडम, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंपाचे मोबाइल स्टार्टर बनवतो. सर्व्हिसची पोरं लॅपटॉप जोडून बोर्डाला कमांड देतात : एसटी, एसपी, आरएस, डीआर अशा तीसेक. परवा शिरोळकडं एक स्टार्टर ट्रिप झाला होता (बिघाड दिसला की तो मोटर आपोआप बंद करतो); तो ट्रिप काढायला पोरानं आरएस दिलं आणि सगळं सेटिंग उडालं. नावं बदलावीत का? मोठी नावं ३२ केबीच्या कंट्रोलरमध्ये बसतील का?

उत्तर : बसतील. तीस नावं, प्रत्येकी बारा अक्षरं धरली तरी ३६० बाइट. मेमरीचा जेमतेम एक टक्का. त्याहून जास्तीचं पेट्रोल शिरोळच्या फेरीत गेलं असेल.

पोराला बोलू नका. ट्रिप काढायचा, बोर्ड परत चालू करायचा की कंपनी सेटिंगवर न्यायचं, यातलं आरएस कुठलं हे त्यानं कसं ओळखायचं? कामं तीन, तर नावंही तीन हवीत : ट्रिपक्लिअर, रीबूट, फॅक्टरीडिफॉल्ट. शेवटचं मुद्दाम लांबलचक ठेवा, आणि मोटर चालू असताना बोर्डानं ते घेऊच नये. एसटीचीही तीच गत. स्टार्ट, स्टॉप, स्टेटस, तिन्ही त्यात बसतात. (आपल्याला एसटी एकच माहीत, सीबीएसवर लागते ती.)

एकेका अक्षराची सवय जुनी आहे. १९८१च्या हेज मोडेममध्ये एच म्हणजे फोन ठेवणं आणि झेड म्हणजे रिसेट; मॅन्युअल जवळ नसेल तर संपलं. मोजमापाच्या उपकरणांसाठी १९९०मध्ये आलेल्या एससीपीआय पद्धतीत मात्र दोन सोयी चांगल्या आहेत, त्या खुशाल उचला. एक, कमांडच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं की ती माहिती विचारण्यासाठी. दोन, लांब नाव आणि त्याचं ठरलेलं छोटं रूप दोन्ही चालतात.

तुमचं डीआर म्हणजे ड्रायरन असणार, पाणी नसताना पंप कोरडा चालणं. पण ‘डीआर २०’ म्हणजे वीस सेकंद की वीस मिनिटं? रात्रीच्या लाईटवर, विहिरीच्या काठाला, टॉर्च दातात धरून काम करणाऱ्याला हे आठवायला लावू नका. सरळ ‘ड्रायरनसेकंद २०’ करा.

बदलणं आणि साठवणंही वेगळं ठेवा. यू-बूट (बोर्ड सुरू करणारा एक प्रोग्राम) मध्ये सेटएन्व्ह फक्त रॅममध्ये, म्हणजे लाईट गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, बदल करतं, सेव्हएन्व्ह दिलं तरच तो टिकतो. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशची (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीची) हमी साधारण १०,००० वेळा पुसण्यापुरतीच असते, त्यामुळे प्रत्येक बदल तिथं लिहू नये. पण बोर्डानं तसं सांगायला हवं : ‘तात्पुरतं, सेव्ह बाकी’. नाहीतर लाईट गेली की सेटिंग गेलं आणि परत फोन तुम्हालाच.

शेतात बसलेल्या बोर्डांचं सॉफ्टवेअर बदलाल तेव्हा ज्या जुन्या नावांत घोळ नाही, ती चालू राहू द्यात. आरएस आलं तर बोर्डानं काहीच करू नये, फक्त तिन्ही नवी नावं दाखवावीत.