धुऱ्यावर पतंग मोजणारी मॅडम

प्रश्न : भाऊ, आमच्या वावराच्या धुऱ्यावर मागच्या पावसाळ्यापासून विद्यापीठातली एक मॅडम येते. दोन बांबू गाडते, पांढरी चादर बांधते, समोर बल्ब लावते अन् रात्री बारा-एक वाजेपर्यंत त्याच्यावर बसलेले पतंग मोजत राह्यते. मी इचारलं याचा उपयोग काय, त म्हने, "सध्या तरी माहीत नाही काका, कोणते कधी येतात ते पाहतेय." आता सांगा बा, इथं कापसाले भाव नाही, बोंडअळीनं जीव खाल्ला, अन् सरकार हिले पतंग मोजाले पगार देते. हे बरोबर हाय का?
(एक कापूसवाला, ता. राळेगाव)

उत्तर : काका, पहिले तर मॅडमचं एक मानलं पाहिजे, तिनं तुम्हाला थाप मारली नाही. "उत्पन्न दुप्पट होईल" म्हणणारे आपल्याकडं दर हंगामात येऊन जातात, हिला माहीत नव्हतं तर तिनं माहीत नाही म्हटलं.

आता मीच तुम्हाला विचारतो. कपाशीत ते कामगंध सापळे लावता ना, खाली लांब पिशवी लटकते ते? त्याच्यात रबराचं बुचाएवढं ल्यूर असते, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष, ते कधी नाकाला लावून पाहिलं का? मी पाहिलं. काहीच वास नाही. अन् सकाळी पिशवी सोडली की बोटाला राखेसारखी भुकटी लागते आणि तळाशी दहा-बारा बारके मातकट पतंग मरून पडलेले, सगळे नर. आपल्या नाकाला ज्याचा पत्ता नाही त्याच्या मागं हे रात्रभर उडत येतात, आणि हे आपल्याला कळलं ते तुमच्या मॅडमसारख्याच रिकामटेकड्या वाटणाऱ्या लोकांमुळं.

फ्रान्समध्ये फाब्र नावाचा माणूस होता, आधी शाळामास्तर, एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या टेबलावर एका सकाळी कोशातून मोठ्या पतंगाची मादी निघाली, यानं तिला जाळीखाली झाकून ठेवलं. रात्री पोरगा ओरडत आला की खोलीत पाखराएवढे पतंग शिरलेत! चाळीसेक नर, अंधारातून, त्या एका मादीपायी. मग याला झोप कुठली. मादीजवळ डांबर गोळ्या ठेवून पाहिल्या, तरी नर आलेच. दुसऱ्या एका जातीची मादी काचेच्या भांड्याखाली बंद केली, तर नर समोर दिसणारी मादी सोडून ती आधी ज्या फांदीवर बसली होती तिथंच घिरट्या घालायला लागले. म्हणजे डोळ्याचं काम नाही, वासाचं काहीतरी आहे. पण वास कशाचा, ते काही त्याला सापडलं नाही.

ते सापडवलं जर्मनीच्या बुटेनांट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं, 1959 मध्ये. त्यासाठी रेशमाच्या पतंगाच्या पाच लाखांच्या आसपास माद्या लागल्या, वीसेक वर्षं गेली, आणि हाती आलं काही मिलिग्रॅम! आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या कोसावाल्यांना विचारा पाच लाख कोश म्हणजे किती ते. मग गुलाबी बोंडअळीवाले मागं लागले. 1966 मध्ये एक रसायन सापडलं म्हणून जाहीर झालं, पण शेतात ते काही चाललं नाही. खरी गोष्ट 1973 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडच्या लोकांनी काढली, की एक नाही, दोन सारखीच दिसणारी रसायनं अर्धी-अर्धी मिसळावी लागतात. तेच तुमचं ल्यूर. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले की फवारणीचं पाहा असं कृषी सहायक सांगतो ना, तो आकडा तरी कुठून आला? कोणीतरी पिशव्या सोडून मोजत बसलं होतं म्हणूनच.

आता तुमची बाजू. विद्यापीठातला प्रत्येकजण फाब्र नसतो. प्रमोशनसाठी पेपर पाडायचे, शेतकऱ्याकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि परत तोंड दाखवायचं नाही, असं मी स्वतः पाहिलंय, माझ्याच वावरात. त्याचा राग येणं बरोबर आहे. पण रात्री एक वाजता चिखलात, सापाकिरड्याच्या भीतीत चादरीसमोर बसणारी बाई त्यातली वाटत नाही. एक रात्र तिच्याजवळ जाऊन बसा, चहाचा थर्मास न्या, आणि सरळ म्हणा की मॅडम, यातली बोंडअळीची कोणती ते मले दाखवा, अन् कोणत्या महिन्यात किती आल्या ते लिहून द्या. तिच्या वहीत ते असणार. वही धुऱ्यावर भरते तर धुऱ्यावाल्याला ती पाहायचा हक्क आहेच, त्यात लाजायचं काय.

प्रश्न : 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, शास्त्रज्ञ बाटल्या भरून घेऊन गेले. निघालं काय? आणि कळून फायदा काय?
(बारावीची विद्यार्थिनी, जि. बुलडाणा)

उत्तर : पाणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासलं, तर तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा निघाला. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, यांची चंगळ झाली. आमच्याकडं तोवर व्हॉट्सअॅपवर देवाचा कोप चालू होता ते सोड.

फायद्याचं म्हणशील तर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे थॉमस ब्रॉक 1960 च्या दशकात यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांवर जायचे, का तर एवढ्या गरम पाण्यात कोणी जगते का ते पाहायला. हडसन फ्रीझ नावाच्या विद्यार्थ्याबरोबर त्यांना एक जिवाणू सापडला, 1969 मध्ये त्याचं नाव ठेवलं थर्मस अॅक्वाटिकस, आणि तो राहिला तसाच संग्रहात. पुढं 1983 मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची, म्हणजे थोड्याशा डीएनएच्या लाखो नकला काढायची कल्पना सुचली, त्यात नमुना वारंवार नव्वद-पंच्याण्णव डिग्रीला तापवावा लागतो आणि नकला काढणारं साधं एन्झाइम दरवेळी मरते. या झऱ्यातल्या जिवाणूचं मरत नाही! कोरोनात तुझ्या नाकात काडी घालून आरटीपीसीआर केली असेल, त्याच्या मागं हा गरम झरा आहे. लोणारच्या बाटलीतून असं काही निघेल का, ते आज कोणी सांगत असेल तर ते ज्योतिष समज.

प्रश्न : पोरगा बीएस्सी करतो, रिसर्च करीन म्हणते. आम्ही म्हणतो बीएड कर. पोट भरते का त्याच्यात?
(एक आई, ता. अचलपूर)

उत्तर : ताई, सुरुवातीला भरते. बीएस्सीनंतर जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाता येते, फॉर्मची तारीख मात्र ऑक्टोबरच्या आगंमागंच निघून जाते, तेवढं त्याला विचारत राहा. मग सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी स्कॉलरशिप, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये, 2023 पासून एवढे झाले, दोन वर्षांनी 42,000. पण पीएचडीत पाच वर्षं जातात, पुढं पर्मनंट नोकरी लवकर मिळत नाही, आणि स्कॉलरशिप कधी कधी महिनोन्‌महिने अडकते, तेव्हा घरून पैसे मागेल, तयारी ठेवा. बीएडचा फॉर्म पण भरू द्या, त्याच्यानं काही बिघडत नाही.