दुकानाने चुकून दोनदा पैसे कापले, तर ओव्हरड्राफ्ट फी कोणाच्या माथी?

खात्यात पैसे कमी पडले की बँक लावते ती ही फी तुमच्या माथी तर नाहीच. अमेरिकेत दुकानाने डेबिट कार्डावर एकच बिल दोनदा कापलं, तर बँकेने स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत बँकेकडे चूक नोंदवा. चूक ठरली की 'रेग्युलेशन ई' या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या सरकारी नियमानुसार बँकेला मूळ रकमेसोबत त्यापायी स्वतः लावलेली ओव्हरड्राफ्ट फीसुद्धा परत द्यावी लागते. तक्रारीत फीचा आकडा वेगळा लिहा, नाहीतर कधी कधी फक्त बिलाचे पैसे मिळतात आणि फी हकनाक जाते. भाड्याचा चेक परत गेला म्हणून घरमालकाने घेतलेला दंड मात्र दुकानाकडेच मागायचा. त्यासाठी चूक कबूल केल्याचं दुकानाकडून लेखी घ्या. 'पैसे येतील दोन दिवसांत' असं दुकानदार म्हणाला, तरी बँकेतली तक्रार थांबवू नका.